पऱ्हाटीच्या तीन मोळ्या

नागपूर, दसऱ्याची सकाळ, १९५८

माय, तुले जयभीम.

आमी काल सांजेले सुखरूप पोचलो. लेकराचा ताप उतरला, म्हणून आता सांगतो की रस्त्यात त्याले ताप होता. तुही सून पंचफुला बरी आहे.

भाड्याच्या ट्रकात चार दिवस राहाचं, तर पीठ, गोधड्या, चूल पायजेच. पण तू जळणाले पऱ्हाटीच्या तीन मोळ्या चढवल्या, तवा मी सगळ्यांसमोर तुह्यावर ओरडलो. "नागपुरात जळण भेटत नाई काय? एवढ्या जागेत तू बसली असती!" तू म्हणली, "बकरी कोण पाहीन?" अन् घरी राहिली.

मूर्तिजापूरच्या पुढं पाऊस आला. ट्रक सडकेखाली उतरला अन् चाकं काळ्या मातीत रुतली. लेकरू तापानं फणफणलेलं, माणसं ढकलून थकली. शेवटी तुह्या मोळ्या सोडून चाकाखाली आंथरल्या, तवा कुठं गाडी निघाली.

जळण चिखलात गेलं, म्हणून राती चूल पेटली नाई. तुह्याच भाकरी ठेच्यासंग खाल्ल्या.

तुहे गुडघे कसे आहेत? बकरी व्याली काय? कार्ड वाचून दाखवणाऱ्या गुरुजींनी माह्या ओरडण्यावर हसू नये.

ट्रकातले सारे म्हणून राहिले, पुढल्या साली आधी मायले चढवा, सामान मंग.

तुहा चुकलेला,
देवमन