रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरची लग्नपत्रिका

प्रिय अखिला,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. उचलावास असं मी काही केलेलंही नाही.

क्लिनिक पुन्हा सुरू झालं. पेशंटांचे कागद मी हातानंच लिहिते आणि माझं अक्षर मलाच लागत नाही; तू रिसेप्शनवर असतीस तर हसली असतीस. पोलिसांकडचा तज्ज्ञ म्हणाला, कॉम्प्युटर ओलीस धरणारे हे चोर आल्या आल्या फायलींना कुलूप लावत नाहीत. अकरा दिवस ते आपल्या कॉम्प्युटरांत गुपचूप हिंडत होते, बॅकअप पुसत होते, फायली उचलून नेत होते. मग एका सकाळी सगळं बंद आणि पडद्यावर खंडणीचा आकडा आणि उलटं धावणारं घड्याळ. काय सभ्यपणे लिहायचे गं! कुलूप काढता येतं याची खात्री पटावी म्हणून दोन फायली उघडूनही दिल्या. मी खंडणी देणार नाही म्हटल्यावर मात्र ओरत्तनाडूच्या एका बाईची फाईल पाठवली. मूल व्हावं म्हणून सासरी न सांगता औषध घेणारी. उद्या ही सगळे वाचतील, म्हणाले.

तरी मी खंडणी दिली नाही. एकेका बाईला मीच फोन केला. काही रडल्या, काहींनी शिव्या घातल्या. निम्म्या फायली त्यांनी उघड्यावर टाकल्याच. ओरत्तनाडूच्या बाईनं त्याआधीच घरी सांगून टाकलं होतं. तिनं मला एवढंच विचारलं, तुमच्या त्या पोरीचं काय झालं?

तिला काय सांगू? चोर रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून शिरले हे कळताच सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तू पिशवी उचललीस आणि घरी जायला पापनाशमची बस धरलीस.

ते शिरले त्या दुपारी तू जेवायला गेली होतीस आणि तुझ्या खुर्चीत मी बसले होते. मेल मराठीत होती, देवनागरीत. साताऱ्याकडच्या कुणा भाऊबंदाच्या घरची लग्नपत्रिका. माझं आडनाव बघून त्यांनी भाषा निवडली असणार. पिढ्यान्‌पिढ्या इकडे तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्याला तिकडून कोण गं लिहितं? मला इतका आनंद झाला की नाव ओळखीचं नसताना मी ती उघडली. कोरं पान निघालं. तुला देवनागरी येत नाही, ती मेल वाचताही आली नसती, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी भ्याले आणि गप्प बसले.

हे पत्रही तुला वाचता येणार नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं, तर तू एकटीनं वाचून ठेवून दिलं असतंस. तुमच्या घरात देवनागरी येते ती एकट्या तुझ्या आजोबांना, वेंकटरावकाकांना, आणि ते कुठलंही पत्र सगळ्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचतात. तर काका, एवढं दोनदा वाचा: चूक अखिलाची नव्हती, माझी होती.

तुझीच,
चंद्रमती आत्या