तुमच्या जागेवरची वाळू

अहो,

काल तुमची होडी पाण्यात उतरली. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, म्हणून सकाळची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे.

आठवतं, घरापुढच्या खळ्यात तुम्ही खडूने अख्खी होडी काढली होतीत, खऱ्या मापाची? जन्मभर मोठ्या बोटींवर नोकरी केलीत, आणि निवृत्त झाल्यावर हवं काय, तर जीपच्या मागे जोडून आपल्या पावस गावाहून कुठेही नेता येईल अशी शिडाची होडी. त्या रेघांच्या आत आम्हाला पाटावर बसवलंत. "मुक्ता मागे सुकाणूला, तू उजवीकडे, मी डावीकडे." शेजारची माणसं दगडी गडग्यावरून बघत होती. लेक हसत होती, मी लाजून अर्धी झाले होते. पण उठले नाही.

मग आंब्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर तिघांची वजनं. माझा आकडा एवढ्या मोठ्याने वाचायची काय गरज होती हो? म्हणालात, "होडी कलू नये म्हणून तळाला लोखंड घातलं तर जीप चढण ओढणार नाही. आपण तिघं बसलो की झालं वजन, आणि वारा येईल त्या बाजूला काठाशी सरकायचं." एवढे हुशार तुम्ही, आणि तिघांतलं एक नसेल तर होडीने काय करायचं, हे तुमच्या आराखड्यात कुठेच कसं नव्हतं?

वैशाखात होडी तयार झाली. खाडी शांत होती. मुक्ता म्हणालीसुद्धा, "बाबा, एक फेरी मारूया." पण तुम्ही हटून बसलात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय नवी होडी पाण्याला लावायची नाही म्हणे. आषाढात तुम्हीच गेलात. अजून राग येतो मला. कोणावर काढू?

तेव्हापासून वर्षभर होडी शेडमध्ये, ट्रेलरवर. आणि खरं सांगते, दुपारी तिथून आवाज येतो. कुठे पोकळ राहिलंय का बघायला तुम्ही बोटाच्या पेराने फळी वाजवायचात ना, तोच. चहाचे दोन कप घेऊन मी कितीदा गेले असेन. मुक्ता म्हणते, पत्रा तापतो, त्याचा आवाज. असेल. पण पत्रा असा थांबून थांबून, ऐकत ऐकत वाजतो का?

तिला माझी काळजी वाटते. पुण्याचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं तिने. म्हणाली, "आई, एकदा बसून बघ. नाही जमलं तर देऊन टाकू."

काल नारळी पौर्णिमेचा नारळ वाहिला. तुमच्या जागेवर वाळूच्या गोण्या ठेवल्या, त्याच काट्यावर तुमच्याएवढ्या तोलून. तुमचा आकडा मला पाठच होता. सुकाणू मुक्ताकडे. खाडीच्या मधोमध डावीकडून वारा आला आणि होडी माझ्या बाजूला कलली. पाणी काठाला लागलं. मी डोळे घट्ट मिटले आणि तोंडातून निघालं, "अहो, सरका की काठाशी!"

होडी सरळ झाली. तळाखाली टकटक वाजत होतं, तेच, थांबून थांबून.

"बघ, सरकले तुझे बाबा," मी म्हणाले.

मुक्ता रडत होती. "बाबा नाहीत गं. तू सरकलीस, आई."

डोळे उघडले तर मी गोण्यांवर, तुमच्या जागेवर बसले होते. कधी उठले, कशी आले, देवाला ठाऊक.

किनाऱ्याला लागल्यावर सगळी वाळू ओतून टाकली. वाऱ्याबरोबर वाळू कसली बाजू बदलते? गिऱ्हाइकाला मुक्ताने नको म्हणून कळवलं.

आता शब्द देते. दर पौर्णिमेला नारळ वाहून मी होडी काढीन, आणि दोन्ही बाजू मीच सांभाळीन. वारा आला की तुमच्या बाजूला येईन. तेवढी सरकून जागा द्या.

तुमची,
सुमन