वरचं बक्कल

॥ ॐ नमः शिवाय ॥
बीड, ६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रणितास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की तू रेंज न्हाई म्हणून ठेवून देतीस, म्हणून कागदावर लिहितोय. काल तुझ्या भावानं, सोमेश्वरानं, भर दुकानात गिऱ्हाईकासमोर तुझा व्हिडिओ दाखवला. पोरगी मालवणात हॉटेलच्या नोकरीला हाय असं आमी गावभर सांगून बसलोय, आणि तू फळीवर उभी राहून बोटीमागं फरफटत चाललीस! हे कावून? आपल्यात कुणी विहिरीत पाय घातला न्हाई आजवर.

आणि ते अंगात काळं काय घातलंस? जन्म गेला माझा कापड विकण्यात, मला बघूनच कळतं. चोळीसारखं तंग आन् पापडासारखं पातळ. त्यानं माणूस तरंगतंय व्हय? नावेत बसवताना देतात तसलं जाड नारंगी जाकीट घे. दुसरं, गळ्यात इष्टलिंग दिसलं न्हाई. आत हाय का काढून ठेवलंस? दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं करायचं न्हाई, एवढं तरी ध्यानात असंल. तुझी आई दानम्मा जेवणावरून उठून गेली.

रागानं लिहिलंय, मायेनं वाच.
तुझा अप्पा, ईश्वरप्पा


मालवण, १३ ऑक्टोबर २०२५

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. हॉटेलची नोकरी मी कधीच सोडली. आईला माहीत आहे, तुम्हाला सांगायची तिची हिंमत झाली नाही. लाटांवर आणि बोटीमागं फळी चालवायला मी शिकतेय, पुढं इथंच शिकवणार आहे. फरफटत नाही अप्पा, उभी असते मी!

कापडातलं तुम्हाला कळतं, पाण्यातलं मला कळू द्या. ते नारंगी जाकीट नावेत गप्प बसणाऱ्याचं. ते घालून फळीवरून आपटलं की कॉलर हनुवटीवर आदळते आणि हातही धड फिरत नाहीत. पातळ जाकिटाचं मात्र खरं बोललात. ते फासळ्यांना मार बसू नये एवढ्यापुरतं, त्यानं माणूस तरंगत नाही. लाटांवर ते चालतं, लाटेखालून बुडी मारता येते. बोटीमागं जायला मी आता जाड फोमचं घेतलंय. वरून मऊ रबरी कापड, समोर चेन आणि दोन बक्कलं. अंगाला घट्ट बसलं तरच त्याचा उपयोग. आमच्या शिकवणाऱ्या ऋतुजाताई प्रत्येकीचं जाकीट खांद्याला धरून वर ओढून बघतात. कानापर्यंत आलं तर पाण्यात सोडत नाहीत.

इष्टलिंग अंगावरच आहे. घट्ट जाकिटात आपटले की लिंगाची चांदीची डबी छातीच्या हाडात रुतते, काळंनिळं पडलंय. विचारलंत म्हणून सांगितलं.

आईला जेवायला लावा. राग आला तरी मी तुमचीच आहे.
प्रणिता


बीड, १७ ऑक्टोबर २०२५

चि. प्रणितास आशीर्वाद.

दिवाळीची गर्दी सोडून लिहितोय. जाड घेतलंस, बरं केलंस. पण लिंग दबतंय आणि हे मला आज सांगतीस? जाकीट मोठं का लिंग मोठं? वरचं बक्कल उघडं ठेव, चेन चार बोटं खाली घे. ढिल्या कपड्यानं कुणी मेल्याचं मी ऐकलं न्हाई. त्या ऋतुजाबाईला आपल्यातलं काय कळतंय? तिच्यासमोर लाव, पाण्यात उतरलीस की काढ. ऐकायचं नसंल तर या घराची पायरी चढू नको.

फराळ पाठवलाय, तो तुझ्या आईचा हट्ट.
अप्पा


मालवण, २८ ऑक्टोबर २०२५

ती. अप्पांना नमस्कार. लिहायची इच्छा नाही, तरी लिहिते.

तुमचं ऐकलं. ताईंसमोर बक्कल लावलं, पाण्यात गेल्यावर उघडलं. बोटीनं वळण घेतलं तशी मी पडले आणि जाकीट वर सरकून नाकातोंडावर बसलं. हात वरच्या वर अडकले. ओरडायला तोंड उघडलं तर पाणी गेलं. जाकीट छान तरंगत होतं अप्पा, मी त्याच्याखाली होते. ताईंनी उडी मारून केसांना धरून वर काढलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. मला त्यांचा जराही राग आला नाही.

तुमचा आला. दुकानाच्या गादीवर बसून हुकूम सोडायला काय जातं तुमचं? आणि मी बावळट, तो पाळला. मी लिंग मानत नाही असं नाही, पाण्याखाली तेच आठवलं. पण आता पाण्यात जाताना ते काढून ठेवणार. पायरी बंद करायची तर करा. त्या दिवशी मेले असते, तरी चढले नसतेच.

आईला यातलं काही सांगू नका.
प्रणिता


बीड, ४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणे, पोटभर आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईनंच फोडलं, त्यामुळं लपवायचं राहिलं न्हाई. खोटं कशाला बोलू, वाचून आधी तुझ्यावरच भडकलो. वाटलं, पोरगी वाढवून सांगतीय. सोमेश्वराला तसलंच जाकीट मागवायला लावलं. काल वरचं बक्कल उघडं ठेवून अंगात घातलं आणि दुकानातल्या गड्यांना म्हणलं, खांद्याला धरून वर ओढा. त्यांनी ओढलं. नाकतोंड झाकलं, हात वर अडकले. सोडा म्हणायचं होतं, आवाजच निघंना. गडी हसत होते, त्यांना वाटलं मालक गंमत करतायत. जमिनीवर उभा होतो गं मी, तरी जीव घाबरा झाला. तू तर पाण्यात होतीस. माझ्या हातानं तुला मारायला निघालतो मी. आग लागो माझ्या शहाणपणाला!

आता ऐक, आणि हे ऐकायचंच. पाण्यात जाताना लिंग काढून स्वच्छ वस्त्रात ठेव, आल्यावर अंघोळ करून घाल. तुझी आई म्हणाली, मठात स्वामींना विचारा. मी विचारणार न्हाई. ते नको म्हणाले तर मी थोडाच ऐकणार हाय? दोष लागला तर मला लागू दे. दोन्ही बक्कलं आवळून लाव. ऋतुजाताईंना माझा नमस्कार, शरणार्थ सांग.

आणि पाण्यात उतरायच्या आधी रोज मला फोन करून कळवत जा. तू बाहेर आलीस असा निरोप येईपर्यंत मी माझं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसीन. दुकानात कितीबी गिऱ्हाईक असू दे.

तुझ्यावर अजून रागावलेला,
अप्पा