विषाणूतले दोन बदल

प्रिय सिद्धेश,

बाबांनी मला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. जो आजार कळवतो त्याचीच जनावरं आधी का मारतात? खड्ड्यावर चुना टाकून झाला, सरकारी माणसं हातमोजे काढून टेम्पोत बसली, तेव्हा त्यांनी विचारलं. रागाने नाही. मी एमएस्सी झालेली, घरातली पहिलीच शिकलेली. मला ठाऊक असेल असं त्यांना वाटलं.

फोनवर हा विषय निघाला की तू 'जाऊ दे ना यार' म्हणायचास. आता वाच. आमच्या डुकरांतली काळी मादी पहिली पडली. कान जांभळे, नाकातून रक्त. बाबा म्हणाले, गुपचूप पुरून टाकू. शेजारची चंपामावशीही म्हणाली, "गप बस गं, सरकारला बोलावलंस तर सगळ्यांची वाट लागेल." मी दोघांना व्याख्यान दिलं. हा आफ्रिकन स्वाइन फीवर असू शकतो, माणसाला होत नाही, पण डुकरांना यावर औषध नाही, लपवला तर मुंबईभर जाईल, कळवणं आपलं कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द मी खरंच वापरला. माझ्या शब्दाखातर बाबांनी फोन लावला. तपासणीत तोच ताप निघाला आणि नियमाप्रमाणे किलोमीटरभरातली सगळी डुकरं मारली, आजारी आणि धडधाकटही. चंपामावशीची गाभण मादी उठेना, तिला दोरीने ओढत नेलं. तेव्हापासून मावशी मला पाहिलं की मोठ्याने म्हणते, "आल्या बघा डॉक्टरीणबाई, मुलुंड धुऊन काढलं." नळावर बाबांची बादली कोणी पुढे सरकवत नाही.

मग ती वॉर्ड ऑफिसातली बैठक. तुझे वडील भाऊ, मालाडच्या एवढ्या मोठ्या डुकरांच्या शेडचे मालक, उभे राहिले आणि बाबांकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माणिक डुकरांना हॉटेलचं खरकटं न उकळता घालतो, त्यातूनच हे आलं. या लोकांना कितीदा सांगायचं?" बाबा पहिल्या रांगेत बसले होते. साहेबांनी तुला विचारलं, तुमच्याकडे काही मर झाली का? तू म्हणालास, "नाही सर, आमच्याकडे एकदम झकास." त्याच संध्याकाळी मला तुझा मेसेज आला: सॉरी यार, भाऊंसमोर काय बोलणार, सगळं शांत झालं की लग्नाचं काढतो.

बाबा खरकटं उकळतात, सिद्धेश. तू त्या चुलीशेजारी बसला आहेस. "काका, वास घ्या, पावभाजीच झाली, पाव आणू?" म्हणून तू त्यांना हसवलं होतंस. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा मुलगा आमच्या घरात मावेल.

तू मला सायंटिस्ट म्हणायचास. मी प्रयोगशाळेत नवी लागले तेव्हा तू मरोळच्या बसस्टॉपवर थर्माकोलचा डबा घेऊन उभा होतास. "घे सायंटिस्ट, बाकीचे गुलाब देतात." आत बर्फ आणि डुकराची प्लीहा. शेडमध्ये एक मेलंय, साधा ताप असेल, कापून शीक म्हणालास. मला ते केवढं गोड वाटलं! डब्यावर मी तारीख लिहिली, जागा लिहिली, तुझं नाव लिहिलं, आणि फ्रीझरमध्ये ठेवला. मग दुसरंच काम आलं आणि तो तिथेच राहिला. दसऱ्याला तू बाबांसाठी दोन पिल्लं घेऊन आलास. जावयाकडून सासऱ्याला, म्हणालास. बाबांनी ती कौतुकाने काळ्या मादीजवळ सोडली. त्यानंतर पंधरवड्यात ती पडली.

बैठकीनंतर मी फ्रीझर उघडला.

तुला हे सोपं करून सांगते, तू विचारायचास तसं. विषाणू स्वतःच्या नकला काढत पसरतो आणि नक्कल काढताना कधीतरी चुकतो. ती चूक मग त्याच्या पुढच्या पिढ्यांत उतरत जाते. हा विषाणू फार कमी चुकतो, म्हणून त्याची एकेक चूक मोलाची. ईशान्येकडच्या जुन्या साथीतल्या विषाणूशी तुझ्या डब्यातला विषाणू जुळला, एक बदल सोडून. मुलुंडहून घेतलेले नमुने आमच्याच प्रयोगशाळेत आले होते: तू दिलेल्या पिल्लांत तोच एक बदल. आमच्या काळ्या मादीत तो बदल आणि शिवाय दुसरा. चंपामावशीच्या डुकरांतही दोन्ही. म्हणजे वाट मालाडहून मुलुंडला आली. आमचा आजार आधी सापडला, एवढंच. कारण आम्ही कळवला. मी तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासताना, काहीतरी चुकलेलं निघावं अशी माझी इच्छा होती. तुझ्यासाठी.

अहवाल मी काल दिला. नमुना कोणी आणला, त्या रकान्यात तुझं पूर्ण नाव घातलं. खरं तर हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं. पण एकदा तूच हसत सांगितलं होतंस की मागे साथीची अफवा उठली तेव्हा एका फोनवर दुपारपर्यंत शेडमधली सगळी डुकरं टेम्पोत भरून बाहेर काढली होती. म्हणून पोस्टाने पाठवतेय. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा ती हातमोजेवाली माणसं तुमच्या शेडवर येऊन गेलेली असतील. तुमच्या कुंपणाला लागून नीलाताईंची चार डुकरं आहेत. मला 'सूनबाई' म्हणून चहा देणाऱ्या त्याच. त्यांनी काही लपवलं नाही, काही विकलं नाही, तरी किलोमीटरभरात त्यांचीही येतात. सही करताना ते मला माहीत होतं. मी सही केली.

एकेकाळी तुझीच,
श्रुतिका