नळाजवळचं टरफल

आई,

स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आहे आणि ओट्यापाशी आपल्या जुन्या लाकडी स्टुलावर बसून तुला लिहिते आहे. बाहेरच्या खोलीत तू न पाहिलेला तुझा जावई बसला आहे. तळोज्यातली त्याची कंपनी बंद पडल्यापासून तो असाच बसतो, मोबाइल हातात असतो पण लक्ष त्यात नसतं. मघाशी विमानतळासाठी डोंगर फोडतात तिथला सुरुंग उडाला, कामोठ्यातल्या आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या, तरी त्याने मान वर केली नाही. माणूस गुणी आहे. व्यसन नाही, आदळआपट नाही, एका शब्दाची तक्रार नाही. तेच मला खटकतं. तक्रार न करणारा माणूस आत काय साठवतो आहे, हे खणून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरांच्या हसण्यापर्यंत मला सगळ्याचाच संशय. "बाय, तू पोलिसात जा," असं तू म्हणायचीस. गेले नाही. पण तुझ्याबद्दलची एक चौकशी माझ्याकडे इतकी वर्षं अर्धवट पडून आहे, आणि गेल्या आठवड्यात त्यात नवीन काहीतरी हाती लागलं, म्हणून हा कागद घेतला.

बाबांना झटका आला ते वर्ष आठव. पनवेलच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. अलिबागची गाडी कुठे लागली, पेणची कधी सुटणार, हे भोंग्यातून सांगणारा आवाज त्यांचा. बाजारात भाजी घेताना तो आपल्याला ऐकू यायचा आणि तू भाजीवालीला सांगायचीस, "घरात तोंड उघडत नाय, नि इथं बघ कसा गरजतंय." त्या माणसाची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. बोलायला गेले की नुसती घरघर. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी रबराचा एक चेंडू दिला होता, उजव्या हाताने दिवसभर दाबत राहायचा. बाबांनी तो एकदाही दाबला नाही. चेंडू कॉटखाली आणि बाबा भिंतीकडे तोंड करून. हे आता उठायचे नाहीत, असं आपल्या दोघींच्याही मनात होतं आणि दोघीही ते बोलत नव्हतो. मी नुकतीच बीए होऊन कामोठ्यात एका क्लासमध्ये शिकवायला लागले होते. मला काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून एका सकाळी गावदेवीपुढे उभी राहिले आणि नवस बोलले, बाबा आपल्या पायांनी जिना उतरेपर्यंत आमच्या घरात मासळी शिजणार नाही.

सोडायची तर सगळ्यांत आवडती वस्तू सोडावी, आणि आपल्या घरात दुसरं आवडतं होतं काय? तू उरणच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची लेक. बाबा घाटावरचे, लग्नाआधी मासळी-बाजारावरून जाताना नाकाला रुमाल लावणारे, आणि त्यांना तू असं बाटवलंस की बुधवारी ताटात तुकडा नसला तर ते आमटीशी अबोला धरायचे. मी घरी येऊन तुला नवस सांगितला तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. तुझा हात थांबला. "सगळ्या घराचा बोललीस?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं, आणि तू पुन्हा तांदूळ निवडायला लागलीस. तू इतक्या सहज ऐकलंस, तिथेच खरं तर मला संशय यायला हवा होता.

मग दोडका, दुधी, मूग, पुन्हा दोडका. मी ते प्रसाद म्हणून गिळत होते, कारण माझ्या प्रत्येक घासागणिक बाबा जिन्याच्या जवळ सरकताहेत असं मी धरून चालले होते. आणि तू? तू वाळायच्या ऐवजी टवटवीत दिसायला लागलीस. भांडी घासताना गुणगुणायला लागलीस. घरात एवढं दुखणं पडलेलं असताना बाईला गुणगुणायला सुचतं कसं? क्लासहून संध्याकाळी आले की घरात उदबत्तीचा वास, आणि तो देवघरातून येत नसे, ओट्याकडून यायचा. आपल्या स्वयंपाकघराचं दार कधी लागत नसे, कारण त्याच्यामागे पिशव्या लटकलेल्या असायच्या. एक दिवस पाहते तो पिशव्या खिळ्यासकट दुसऱ्या भिंतीवर गेलेल्या. म्हणजे दार लागावं म्हणून कोणीतरी हातोडी घेतली होती. मी विचारलं, तर तू म्हणालीस, "तिथं वारा लागत नव्हता." पिशव्यांना!

एकदा क्लास लवकर सुटला आणि जिन्यातच लसणाचा वास आला, त्याच्याखाली आणखी एक वास, माझ्या तोंडाला पाणी सुटेल असा. मी वर येऊन विचारलं, हा वास कुठला? तू डोळ्याची पापणी न हलवता म्हणालीस, "शेजारून येतंय." आई, शेजारी माळकरी होते! त्यांच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. पण तू इतक्या ठामपणे सांगितलंस की मी पुढचे काही दिवस त्या भल्या काकांवरच पाळत ठेवली. त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे मी अशा नजरेने बघायचे की एकदा जिन्यात त्यांनी मला पाहून शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

त्यात मला बाबांच्या बोटांना लिंबाचा वास यायला लागला. मी मनाशी गणित मांडलं, बंद दार, उदबत्ती, लिंबू, म्हणजे आई कुठल्यातरी भोंदूच्या नादी लागली आहे आणि त्याचं तेल बाबांना चोळते आहे. विचारलं तर तू म्हणालीस, "काय नाय." तुझं "काय नाय" ऐकलं की कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. मला भीतीही वाटत होती. एकीकडे मी देवीला शब्द दिलेला, आणि दुसरीकडे माझीच आई काहीतरी भलतंच करते आहे. बाबांचं बरंवाईट झालं तर ते कोणाच्या माथी जाणार होतं?

आणि मग ते टरफल. सकाळी तोंड धुवायला गेले तर नळाच्या तोटीजवळ चिकटलेलं, कोलंबीचं, नखाएवढं, वाळून पारदर्शक झालेलं. मी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. दुपारी नेहमीसारखी क्लासला निघाले आणि अर्ध्या वाटेतून रिक्षा वळवली. चपला हातात घेऊन जिना चढले. बाहेरच्या दाराची किल्ली माझ्याकडे होतीच. आत स्वयंपाकघराचं दार बंद, आणि दारामागे तू हसते आहेस. आणखी कोणीतरी हसतं आहे, घरघरत, अडखळत. मी दार ढकललं तर ते सरळ उघडलं, आणि मी धाडकन मधल्या स्टुलावर जाऊन आदळले.

बाबा चाकाच्या खुर्चीत. मांडीवर वर्तमानपत्राचा कागद, पुढ्यात परात. डाव्या हातात कोलंबी धरलेली आणि उजव्या हाताच्या, त्या गेलेल्या हाताच्या दोन बोटांनी ते तिच्या पाठीतला काळा धागा ओढताहेत. धागा तुटतो, ते पुन्हा पकडतात. कपाळावर घाम आणि तोंडावर शाळेतल्या पोराचं हसू. तू ओट्याशी उभी, तव्यात लसूण टाकते आहेस आणि त्यांना डिवचते आहेस, "घाटी तो घाटीच! कोलंबी सोलता येत नाय, नि चालला कोळ्याची पोरगी करायला."

मी किती आणि काय ओरडले ते आता आठवत नाही. नवस माझा, तोंड माझं बांधलेलं, आणि तुम्ही दोघं आत मजा मारताय, असं काहीतरी. शेवटी म्हटलं, "यांचं काही झालं म्हणजे?" तू गॅस बारीक केलास. "झालं तर देवीला माझं नाव सांग. पत्ता तिला ठाव हाय." मग जरा खालच्या आवाजात म्हणालीस, "नवस आपले ताटापुरता बोलाचा असते, बाय. तू दुसऱ्याचे ताटावर बोललीस. त्याच दिवशी मी देवीला सांगून आले, पोरगी लहान हाय, तिचा धरू नको." मी म्हटलं, "एवढं आहे तर दार कशाला लावतेस? चोरी नाही तर काय?" तू म्हणालीस, "दार दुखन्यासाठी लावते. ते दिवसभर घरात बसलेलं असते. चहाचे वेळेला जरा बाहेर बसवते त्याला. परत आत येतंच हाय ते, जातंय कुठं?"

ते ऐकून मला जे लागलं ते तुला कधी सांगितलं नाही. त्या वेळेला दाराबाहेर मीच होते ना? माझा उतरलेला चेहरा, माझा दोडका, माझे प्रश्न. तुझ्या लेखी घरातलं दुखणं आणि मी एकच आहोत, अशी शंका माझ्या मनात बसली ती कित्येक वर्षं गेली नाही. आणि नेमके तेव्हाच बाबा बोलले. माझ्याकडे बघून, स्पष्ट, भोंग्यातून यायचे तसे दोन शब्द. "हात धू." लहानपणापासून ताटावर बसण्याआधी ऐकलेले शब्द. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेले पहिले धड शब्द. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी दोडका गिळून गिळून देवीकडे जे मागत होते, ते तुम्ही दोघांनी माझ्या पाठीमागे हसत-खेळत मिळवलं होतं. मी हात धुतले नाहीत. गॅलरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवसापासून तू दार उघडं ठेवलंस. आतून तुमची थट्टा ऐकू यायची आणि मी सुट्टीच्या दिवशीही बाहेर बसून माझा नवस पाळायचे. थंडी पडता पडता बाबा एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने तुझा खांदा धरून जिना उतरले. त्या रात्री तळलेल्या कोलंबीचं पहिलं वाढप तू माझ्या ताटात केलंस आणि म्हणालीस, "तुझी देवी पावली हो." त्यात टोमणा असेल म्हणून मी तुझा चेहरा निरखून पाहिला. सापडला नाही. बाबा पुढे काही वर्षं छान जगले, मग एका दुपारी झोपेतच गेले आणि त्यांच्यामागून लवकरच तू गेलीस. त्यांना नवसाने उठवलं की कोलंबीने, याचा निकाल आपण कधी लावलाच नाही.

आता हाती आलेलं सांगते. गेल्या आठवड्यात मी मासळी-बाजारातून कोलंबी आणली. नवऱ्याच्या त्या गप्प बसण्याने माझा जीव घुसमटत होता. चहाच्या वेळी दार लावलं आणि सोलायला बसले. धागा अखंड निघाला की बोटांना जे बरं वाटतं, ते वाटलं. लसूण तव्यात पडला, वास आला, आणि तेवढ्या वेळात मी कंपनी विसरले, उद्या विसरले, त्याचा चेहरासुद्धा विसरले. लाज वाटली नाही, याचंच नवल वाटलं. मग ओटा पुसायला घेतला, टरफलं गोळा केली, आणि तिथेच माझा हात थांबला.

आई, तू अक्षर गिरवायच्या आधी मासळी साफ करायला शिकलेली बाई. मी यायच्या आत कचऱ्याची पिशवी घराबाहेर जायची, बाबांची बोटं आणि ओटा लिंबाने घासलेले असायचे, वर उदबत्ती. महिनोन्महिने एक खवला मला सापडला नाही. आणि त्या एका सकाळी टरफल राहिलं ते कुठे, तर मी उठल्याबरोबर जिथे तोंड धुते नेमकं तिथे? दाराला कडी होती, ती त्या दिवशी घातलेली नव्हती. आणि ज्या स्टुलावर मी आदळले, हेच, आत्ता ज्यावर बसले आहे ते, ते स्टूल तिथे कोणासाठी मांडलेलं होतं? बाबा चाकाच्या खुर्चीत होते. तू उभी होतीस.

मला संशय आहे की तू मला गळ टाकला होतास. गळाला लागून मी आले, आणि हात न धुता निघून गेले. यातलं काही सिद्ध करता येणार नाही. साक्षीदार दोघेही देवाघरी. पण आयुष्यात एवढे संशय घेतले, त्यांतला हा एक खरा निघावा असं फार वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तांदळाच्या डब्याखाली जाईल. आणखी एक सांगून टाकते. तुझा जावई दाढी करतो त्या बेसिनच्या कडेला आज सकाळी मी एक टरफल ठेवलं. मुद्दाम. दाराला कडीही घातलेली नाही. त्याचा स्वभाव माझ्यासारखा नाही, त्याला दिसलं असेल की नाही देव जाणे. पण आत्ता बाहेर खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला. घरात स्टूल हे एकच आहे, म्हणून मी उठून उभी राहिले आहे.