विटांवरची गाडी

आबा,

हरेशदादाच्या गाडीची चारी चाकं ज्ञानूकाकांच्या टेम्पोत टाकून मी कल्याणला टायर बघायला गेलेय. जुन्यांची नक्षी शाबूत दिसते, पण दादा घर सोडून गेल्यापासून गाडी उभी आहे, रबराला चिरा पडल्यात. स्पोर्ट गाडी बघून दुकानदार रुंद, बारीक कडेचे टायर गळ्यात मारेल. ते मी घेणार नाय. डोळखांबच्या खड्ड्यांना उंच कडेचे मऊ टायरच बरे, तुमच्या कमरेलाही.

गाडी विटांवर चढवलीय, तेव्हा आज दुपारी आत जाऊन बसू नका. काल तिथंच तुमचा डोळा लागला होता. स्टेअरिंगवर हात ठेवून झोपेत म्हणत होता, "हरेश, काच खाली कर रे, मोहाचा वास येतोय." मी उठवलं नाय.

संध्याकाळी नव्या टायरांखाली ठेवायला चार लिंबं तोडून ठेवा.

दादा उद्या सकाळी खर्डी स्टेशनला उतरतोय. आणायला कोण येणार ते मी त्याला सांगितलं नाय. तुमीच जा. मलाही यायचं होतं, पण त्या गाडीत माणसं दोनच बसतात.

भूमिका