थरथर उजव्या चाकात होती

बाळा,

गाडीची किल्ली कपाटावर शोधू नकोस, ती माझ्याकडे आहे. तुझ्या मावशीकडे निघाले आहे आणि गाडी मीच चालवणार आहे.

ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं, असं मी म्हटलं, तर तू म्हणालास, "आई, तुझेच हात थरथरतात," आणि किल्ली काढून घेतलीस. आज तू कामावर गेल्यावर सूनबाईनं पुढची दोन्ही चाकं उतरवली आणि मी ब्रेकच्या डिस्कला तुझ्या बाबांचा डायल गेज लावला; चकती जराही डगमगली की त्याचा काटा हलतो. डावी डिस्क सरळ फिरली. उजवी फिरवली, तर काटा नाचायलाच लागला. डिस्क काढून बघते तर मागे हबवर, ती जिथे टेकते तिथेच, जुन्या गंजाचे पापुद्रे! मागच्या महिन्यात नवी डिस्क बसवलीस, पण हब घासला नाहीस, म्हणून ती तिरकी बसली. तू पोटात होतास तेव्हा मी बाबांच्या गॅरेजात टॉर्च धरून उभी असायचे. बाबा रोज ओरडायचे, "आधी हब घासा रे!" तू तेव्हापासूनच ऐकत नाहीस.

तारेच्या ब्रशनं हब लख्ख केला, डिस्क परत बसवली. काटा जागचा हलला नाही. मग उतारावर तीनदा जोरात ब्रेक दाबला. स्टीअरिंग अगदी गप्प!

सूनबाईला काही बोलायचं नाही.

चिठ्ठीतलं अक्षर मात्र माझ्या हातांमुळेच वेडंवाकडं आलं आहे. तेवढं तुझं खरं होतं. संध्याकाळी आले की चहा तू करायचास, आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये राहील.

आई